नोटिशीतली हजेरी

रेवणप्पानं पहार उचलली, पण त्याआधी तो मलप्पांच्या पाया पडला.

"मालक, हात जोडतो, माघारी फिरा," तो म्हणाला. "तुमचं मीठ खाल्लंय म्या. माझ्या हातून हे करवून घेऊ नका."

"मीठ खाल्लं असशील तर बाजूला सरक," मलप्पा म्हणाले.

रेवणप्पा सरकला नाही. त्यानं डोळे मिटले आणि पहार मलप्पांच्या उजव्या गुडघ्यावर घातली. हाड फुटल्याचा आवाज झाला. त्यांच्या मुलानं, रुद्रेशनं, तो ऐकला. ऐकण्यापलीकडं त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं. दोघांनी त्याचे हात पाठीमागं पिळून धरले होते आणि तिसऱ्यानं तोंडावर बुक्की घालून त्याचे पुढचे दात पाडले होते. फाट्यावरच्या बाभळीखाली, भर सकाळी, जाणारे-येणारे बघत असताना हे झालं. कुणी मधे पडलं नाही. पडणार कोण? ईश्वरप्पा गुत्तेदाराच्या माणसांच्या मधे पडायचं म्हणजे सापाच्या बिळात हात घालायचा.

हा रेवणप्पा काही परका नव्हता. मलप्पाही गुत्तेदारच, बांधकामाचे ठेके घेणारे; मिसरूड फुटायच्या आधी तो त्यांच्या कामावर आला आणि त्यांच्याच हाताखाली मुकादम झाला. त्याचं लग्न मलप्पांनी लावून दिलं, बायको बाळंतपणात गेली तेव्हा माती द्यायलाही तेच उभे राहिले. मग ईश्वरप्पानं त्याला एक जीप दिली, हाताखाली उडाणटप्पू पोरं दिली आणि फाट्यावर उभं केलं. रुद्रेश लहानपणी याच्याच खांद्यावर बसून जत्रेला गेला होता. म्हणूनच त्याचा राग जास्त होता. परक्यानं मारलेलं माणूस विसरतो, घरच्यानं मारलेलं विसरत नाही.

भांडण पुलाचं होतं. शिरूर अनंतपाळ तालुक्यात, मलप्पांच्या मूळ गावाजवळ, मांजरा नदीवर एक ठेंगणा पूल आहे. तो ईश्वरप्पानंच बांधलेला. जरा पाऊस झाला की पाणी त्याच्यावरून जातं, आणि मागं एकदा भराव खचून एक टमटम माणसांसकट वाहून गेली. तेव्हा कुठं सरकारला जाग आली. नवा उंच पूल मंजूर झाला आणि ठरलं की या खेपेला आराखडाही गुत्तेदारानंच काढायचा आणि बांधायचंही त्यानंच. उद्या चुकलं तर कागदवाल्यानं गवंड्याकडं आणि गवंड्यानं कागदवाल्याकडं बोट दाखवायला नको. अशा कामाला जाहीर नोटीस काढावी लागते, आणि त्या नोटिशीत एक अट होती. ज्याला आराखडा काढायचाय त्यानं आधी जागा बघायची. ठरल्या दिवशी अकरा ते एकच्या दरम्यान फर्मच्या मालकानं स्वतः नदीकाठी यायचं आणि इंजिनियरसमोर हजेरीची सही करायची. जो हजर नाही, तो बाद.

अट चांगली होती. पण चांगल्या अटीचा फास करायला आपल्याकडं वेळ लागत नाही. नदीकडं जायला रस्ता एकच, आणि तो त्या बाभळीच्या फाट्यावरून जातो. फाटा अडवला की काम फत्ते. उन्हाळ्यातल्या पहिल्या नोटिशीला, मलप्पांचा गुडघा फुटला त्या दिवशी, ईश्वरप्पा एकटाच हजर निघाला. एकटाच म्हणून साहेबांना पुन्हा नोटीस काढावी लागली. पण दुसऱ्या खेपेलाही तो एकटाच राहिला, तर पूल त्यालाच द्यायचा असं ठरलेलं होतं. म्हणजे मलप्पांचं गाव पुन्हा त्याच माणसाच्या सिमेंटवरून नदी ओलांडणार होतं.

दुसरी नोटीस लातूरच्या एकाही पेपरात दिसली नाही. ती नांदेडच्या एका पेपरात, हरवलेल्या सर्टिफिकिटांच्या आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या गर्दीत कोंबली होती. ऑनलाइनवरही होती, पण भलत्याच सदराखाली. नोटीस तर काढायची, पण कुणाला दिसू द्यायची नाही, या कलेत आपला हात धरणारा कुणी नाही. नशीब असं की मलप्पांची मुलगी वर्षाराणी नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायची आणि तोच पेपर तिच्या घरी यायचा. पुलाचा आराखडाही तिनंच काढायला घेतला होता. तिनं नोटिशीचा फोटो रुद्रेशला धाडला आणि खाली लिहिलं, 'अप्पांना सांगू नको.'

उदगीरच्या घरात मलप्पा गुडघ्याला पट्टा बांधून खुर्चीत बसले होते. पोराचा चेहरा बघूनच त्यांनी मोबाइल मागून घेतला. सगळी नोटीस वाचली, पुन्हा वरून वाचली.

"मी जाणार," ते म्हणाले.

"अप्पा, या खेपेला जित्तं सोडणार न्हाईत ते."

"मग मेलेला न्या की."

कुणाला काही उमगलं नाही. मग मलप्पांनी समजावून सांगितलं आणि घरात जो भडका उडाला तो विचारू नका. लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवा नेत नाहीत. बांबूचं विमान बांधतात, त्यात त्याला बसवतात, अंगाला विभूती फासतात, हारांनी मढवतात आणि शंख-हलगीच्या नादात नेऊन बसलेलाच पुरतात. मलप्पांचं वडिलोपार्जित शेत नदीकाठी होतं आणि त्यांचे वाडवडील तिथंच मातीत बसलेले होते. गाव फाट्याच्या अलीकडं, शेत पलीकडं. त्यांची मयत जायची तर फाट्यावरूनच जाणार, आणि मयत अडवायची छाती या मुलखात अजून कुणाची झालेली नाही.

पार्वतम्मा, रुद्रेशची आई, खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. "जित्या माणसाला विमानात बसवताव? ऐका माझं. बांधलेलं विमान कवाच रिकामं ऱ्हात न्हाई. माझी अव्वा सांगून गेलीय."

"ऱ्हाईल रिकामं. मी चालत येईन त्याच्या मागं."

"कुठल्या पायानं?" ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

घरचे जंगम, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित, गुरुलिंग स्वामी जुने दोस्त, तरी तेही बिचकले. शेवटी म्हणाले, "शंख वाजवीन. पण मंत्र एक म्हणणार न्हाई. देवाला खोट्यात ओढायचं न्हाई."

मलप्पांनी एकच अट घातली. बरोबर येणाऱ्यांपैकी कुणाच्या हातात साधी काठीसुद्धा असता कामा नये. मयतीला कुणी हत्यार नेत नाही, आणि एक जरी दिसलं तरी सगळे मरू. रुद्रेशनं मान डोलावून हाव म्हटलं. पण विमान बांधताना, कुणाचं लक्ष नाही असं बघून, त्यानं ऊसतोडीचा कोयता बसायच्या फळीखाली झेंडूच्या माळांत खोचला. पूल त्याला हवा होता, हे खरं. पण रेवणप्पाचं मुंडकं त्याहून जास्त हवं होतं, आणि आज तो समोर सापडणार होता.

ठरल्या दिवशी सकाळी मूळ गावातून मयत निघाली. चौघा भाऊबंदांच्या खांद्यावर विमान, पुढं हलगी, त्याच्या पुढं स्वामींचा शंख. रुद्रेश डोक्याला पांढरं गुंडाळून विमानाला लागून चालत होता. मलप्पांच्या हनुवटीखालून फडकं बांधलेलं, तोंडाला राखेचा थर, छाती वरखाली होताना दिसू नये म्हणून गळ्यात हारांचा ढीग. मोडका पाय दुमडत नव्हता. तो तसाच पुढं सोडला होता आणि शालीतून पाऊल बाहेर आलं होतं. पार्वतम्मा बायकांत मागं रडत होती. ते रडणं काही खोटं नव्हतं.

फाट्यावर एक गाडी जळत होती. नांदेडकडच्या लोह्याहून एक गुत्तेदार नोटीस वाचून आला होता, त्याची ती गाडी. तो स्वतः रस्त्याकडेला बसून फुटलेलं डोकं दोन्ही हातांनी दाबत होता. त्याचा ड्रायव्हर डांबरावर पालथा पडला होता आणि ईश्वरप्पाचा पुतण्या शिवकुमार त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होता. प्रत्येक लाथेला तो माणूस 'अव्वा गं' म्हणत होता. मग नुसता हुंकार येऊ लागला, आणि तरी शिवकुमार थांबला नाही.

हलगी ऐकून सगळ्यांची डोकी वळली. शिवकुमारनं पाय आवरला. पोरांनी हातातले दांडके पाठीमागं लपवले, एकदोघांनी टोप्या काढल्या.

"कोण गेलं?" बाभळीखालून उठत रेवणप्पानं विचारलं.

त्यानं विमानात बघितलं आणि त्याच्या हातातली पहार खाली पडली. गुडघ्यावर पहार घातली म्हणून मालक गेले, आपणच मारलं, हे त्याच्या डोळ्यांत लख्ख दिसत होतं. तो गुरासारखा हंबरला. धावत आला आणि विमानाबाहेर आलेलं ते पाऊल त्यानं दोन्ही हातांनी धरून त्याच्यावर कपाळ टेकवलं.

"मालक! मालक, म्या पापी हाय!"

रुद्रेशचा हात माळांत गेला. कोयत्याची मूठ बोटांना लागली. रेवणप्पाची मान समोर होती, वाकलेली, उघडी. एका घावात काम झालं असतं. पण एक जरी हत्यार दिसलं तरी सगळे मरू, हे बापाचे शब्द आठवले आणि त्यानं दात आवळले, जे काही उरले होते ते.

रेवणप्पा वाकलेलाच राहिला. त्याचं रडणं एकदम थांबलं. पाऊल धरलेली बोटं क्षणभर तशीच घट्ट झाली. एक माशी मलप्पांच्या ओठावर बसली होती, ती नाकाकडं सरकत होती. रुद्रेशला वाटलं, संपलं आता.

रेवणप्पा उठला. त्यानं शाल ओढून पाऊल नीट झाकलं, हातानं माशी हाकलली आणि मागं वळून ओरडला, "हटा रे भडव्यांनो! वाट सोडा!"

"थांब, मामा," शिवकुमार पुढं आला. "बरोबर आजच मेला व्हय हा? मला बी दर्शन घेऊ दे की." त्यानं हनुवटीच्या फडक्याकडं हात नेला.

रेवणप्पानं त्याच्या अशी मुस्काटात भडकावली की तो डांबरावर आपटला. "मढ्याला हात लावतुस? तुझ्या बापानं हेच शिकवलं का रं?" मग त्यानं पुढच्या भाऊबंदाला बाजूला केलं, विमानाचा दांडा स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि चालू लागला. पोरं बघत राहिली. शिवकुमार ओठातलं रक्त थुंकत उठला आणि चारपाच जणांना घेऊन थोड्या अंतरावरून मागं चालू लागला.

ज्यानं बापाचा गुडघा फोडला त्याच्याच खांद्यावर बाप चाललाय, हे रुद्रेशला बघवेना. हा रडतोय, हा खांदा देतोय, आणि याला वाटतंय एवढ्यानं फिटलं! त्यानं मनाशी ठरवलं, सही होऊ दे, मग बघतो.

नदीकाठी पत्र्याच्या शेडमध्ये टेबल मांडलं होतं. टेबलामागं महामाया मॅडम बसल्या होत्या, लातूरहून आलेल्या कार्यकारी अभियंता. दोन शिपाई दारात जांभया देत होते आणि ईश्वरप्पा खुर्चीत रेलून चहा पीत होता. समोरच्या कागदावर त्याची एकट्याची सही होती. मयत शेतात न वळता शेडकडं येतेय हे बघून मॅडम उभ्या राहिल्या. विमान टेबलासमोर खांद्यांवरच थांबलं.

मलप्पांनी डोळे उघडले.

एक शिपाई मागच्या मागं पळाला. ईश्वरप्पाच्या हातून चहा सदऱ्यावर सांडला. मलप्पांनी हनुवटीचं फडकं सोडलं, राखेनं भरलेल्या तोंडानं म्हणाले, "मी मलप्पा. फर्मचा मालक. हजर हाय."

"मॅडम, हे नाटक आहे!" ईश्वरप्पा किंचाळला. "हे चालत नसतं!"

महामाया मॅडमनी घड्याळ बघितलं. मग हजेरीचा कागद टेबलावर पुढं सरकवला. "नोटिशीत हजर राहा म्हटलंय. कसं यायचं ते म्हटलेलं नाही. विमान खाली घ्या. आजोबा, इथं सही करा."

चौघांनी विमान उतरवलं. मलप्पा सहीसाठी पुढं वाकले तशी फळी कलली, माळा सरकल्या आणि झेंडूच्या फुलांतून कोयता निसटून खळकन खाली पडला. मलप्पांनी त्याच्याकडं बघितलं, मग पोराकडं बघितलं. पेन टेकवलं आणि सही केली.

कोयता मागोमाग शेडमध्ये शिरलेल्या शिवकुमारच्या पायाशी पडला होता.

त्यानं तो उचलला. फाट्यावरची मुस्काटात, काकाचा भिजलेला सदरा, समोर जिवंत उठून बसलेला म्हातारा, सगळं त्याच्या डोक्यात एकदम चढलं असेल. "आता खराच मर!" म्हणत त्यानं कोयता मलप्पांच्या मानेवर उगारला. रुद्रेश टेबलाच्या पलीकडं होता. त्याला पोचताच आलं नसतं.

रेवणप्पा पोचला. हात रिकामे, पहार तिकडं बाभळीखाली. त्यानं नुसतं अंग मधे घातलं. पहिला घाव खांदा आणि मानेच्या मधे बसला, दुसरा आडव्या धरलेल्या हातावर. तरी त्यानं शिवकुमारचा गळा धरला आणि त्याला ढकलत, स्वतःच्या रक्तावरून घसरत, शेडच्या खांबाला नेऊन दाबला. तिसरा घाव पोटात गेला तेव्हा त्याची पकड सुटली.

रुद्रेशनं एक दगड उचलला आणि शिवकुमारच्या मनगटावर घातला. कोयता गळाला. मग त्यानं दगड त्याच्या तोंडावर घातला, पुन्हा घातला, आणि घालतच राहिला. हाताखाली काहीतरी मऊ लागायला लागलं तरी त्याला थांबवेना. गुरुलिंग स्वामींनी शंख टाकून त्याला मागून मिठी मारली आणि ओढून काढलं. शिवकुमारची पोरं वाट फुटेल तिकडं पळाली. ईश्वरप्पा जीपकडं निघाला होता. गावच्या माणसांनी त्याला जीपमधून खाली ओढला आणि शिपायानं येऊन सोडवेपर्यंत बडवला. मॅडम हजेरीचा कागद छातीशी धरून ॲम्ब्युलन्सला फोन करत होत्या.

मलप्पा विमानातून उतरून मोडका पाय ओढत, मातीतून सरपटत रेवणप्पापाशी गेले. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. राखेच्या बोटांना रक्त लागलं.

"रेवण्या, तुला काय गरज व्हती रं मधे पडायची? तू तर मला मेलेलाच समजून चालला व्हतास."

रेवणप्पा हसायला गेला, पण तोंडातून रक्तच आलं. "न्हाई, मालक. पाय ऊन व्हते."

"आं?"

"फाट्यावर धरले तवाच कळलं. मढ्याचे पाय गार असत्यात. बायकोचे धरले व्हते म्या, तुम्ही बाजूलाच व्हता." त्याला धाप लागली. "ऊन लागले अन् लई बरं वाटलं बघा. म्हटलं, म्या न्हाई मारलं."

मलप्पांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. रुद्रेश शेजारी उभा होता, हातात तो दगड तसाच. ज्या मानेवर त्याचा डोळा होता त्या मानेतून रक्त वाहत होतं, आणि ते काढणारा कोयता त्यानं स्वतः धार लावून, स्वतः फुलांत लपवून इथवर आणला होता. बापानं नको म्हटलेलं असताना आणला होता. त्याला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला तोंड कुठं होतं? ॲम्ब्युलन्स आली तेव्हा रेवणप्पाचे डोळे उघडेच राहिले होते.

पोलिसांनी तोंड फुटलेल्या शिवकुमारला पहाऱ्यात दवाखान्याला धाडलं, कोयता पिशवीत घातला आणि विचारलं, "हा कुणाचा?" भाऊबंद रुद्रेशला डोळ्यांनी खुणावत होते, शिवकुमारचाच म्हणून सांग, कोण बघायला आलंय? रुद्रेश म्हणाला, "माझा." जबाब लिहून घेतला गेला आणि बोलावू तेव्हा यायचं या बोलीवर त्याला सोडलं.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातून मढं मिळालं. रेवणप्पाला मागंपुढं कुणीच नव्हतं. शेडजवळ ते विमान अजून तसंच पडलं होतं, झेंडू सुकलेला, एका बाजूचा बांबू रक्तानं काळा झालेला.

"त्याला यातच बसवा," मलप्पा म्हणाले. "आमच्या शेतात. माझ्यासाठी जी जागा धरलीय, तिथं."

पार्वतम्मा पुढं आली. बांधलेलं विमान रिकामं राहत नाही, हे तिनं आता बोलून दाखवलं नाही. ती खाली बसली, जुन्या माळा तोडल्या, नव्या गुंफल्या आणि रेवणप्पाच्या कपाळावर स्वतःच्या हातानं विभूतीचे पट्टे ओढले. पुढचा दांडा रुद्रेशनं घेतला. खांद्यावर ओझं आलं तेव्हा त्याला जत्रेची वाट आठवली, आणि तो हमसून रडला.

शेतात खड्डा खणून तयार होता. या खेपेला गुरुलिंग स्वामींनी मंत्र सुरू केले, मोठ्यानं, एकही न गाळता. विमान टेकवलं. आत उतरवण्याआधी घरच्यांनी दर्शन घ्यायचं असतं, म्हणून सगळे रुद्रेशकडं बघू लागले, कारण त्या माणसाला दुसरं घर नव्हतं. तो वाकला आणि त्यानं रेवणप्पाची दोन्ही पावलं हातांत धरली. धरून ठेवली. कुणीतरी मागून चल म्हणालं तरी त्यानं ती सोडली नाहीत, ऊन होतील म्हणून वाट बघितल्यासारखा तो तसाच वाकून राहिला. पण पाय गारच होते.